कोरियन बार्बेक्यूचं मॅरिनेड आणि सॉस घरी: सुवॉनमधल्या प्रकल्प नोंदी

करायचं काय, ते आधी. द्वेजी-गाल्बी, म्हणजे सोया सॉसमध्ये मुरवून जाळीवर भाजलेलं डुकराचं मांस. सोबत पानात गुंडाळताना लावायचं साम्जांग, कांद्याचा आंबटगोड सॉस आणि पातीच्या कांद्याची कोशिंबीर. सगळं घरच्या गॅसवर, आयत्या मॅरिनेडची बाटली न आणता. आमच्या घरी गोमांस येत नाही, म्हणून बुल्गोगी आणि एलए गाल्बी यात नाही; डुक्कर आणि कोंबडी आहे. राहणं दक्षिण कोरियातल्या सुवॉनच्या योंगथोंग भागात, त्यामुळे सामान सहज मिळतं. पुण्यात करणाऱ्यांसाठी जे बदलावं लागेल ते शेवटच्या नोंदीत लिहिलंय. भाव वॉनमध्ये आहेत. 2024 मध्ये हजार वॉन म्हणजे साधारण साठ रुपये होते.

8 जून 2024

सुरुवात मांसापासून नाही, मेसिलपासून. मेसिल हे जर्दाळूच्या जवळचं हिरवं, कडक, कमालीचं आंबट फळ. बाजारात ते मे अखेरीपासून जूनभर दिसतं, मग संपतं. त्याचा पाक (मेसिल-चोंग) तयार व्हायला शंभर दिवस लागतात, म्हणून सप्टेंबरमध्ये हवा असेल तर आजच घालायला हवा.

पाल्दालमुन वेशीजवळच्या मोत्गोल बाजारातून 5 किलो मेसिल आणले, सुमारे 20,000 वॉन. साखर तेवढीच, 5 किलो. प्रत्येक फळाच्या देठाशी काळा ठिपका असतो तो टूथपिकने काढायचा, नाहीतर पाक कडवट होतो. हे काम वेळखाऊ आहे, दोघांनी बसावं. धुऊन फळं पंचावर पसरली आणि पूर्ण कोरडी होऊ दिली. पाण्याचा थेंब राहिला तर बुरशी येते. लोणच्याच्या कैरीला जी शिस्त लावतो तीच इथे. काचेच्या बरणीत एक थर फळं, एक थर साखर, सगळ्यात वर साखरेचा जाड थर. झाकण घट्ट लावलं नाही, कारण आत वायू धरतो.

15 जून

पहिलं मॅरिनेड, आणि ते वाया गेलं.

मांस 1 किलो मोक्साल. हा मानेकडचा भाग, चरबी आणि मांस एकमेकांत छान मिसळलेलं. फासळ्यांपेक्षा स्वस्त, आणि घरी द्वेजी-गाल्बी करताना इथले लोकही बऱ्याचदा हाच घेतात. दुकानात भाव 100 ग्रॅमवर लिहिलेला असतो (देशी मोक्साल 2,500 वॉनच्या आसपास), पण तोंडी व्यवहार ‘गुन’मध्ये चालतो. मांसाचा एक गुन म्हणजे 600 ग्रॅम. पहिल्यांदा जाणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

मॅरिनेड आपल्या सवयीने केलं. एक अख्खी नासपती, मोठा कांदा, लसणाचा गड्डा, आलं, 200 मिलि सोया सॉस, साखर, तिळाचं तेल, सगळं मिक्सरमधून काढून दाट वाटण केलं, मांसाला चोळलं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी ग्रिल पॅनवर टाकताच कांदा-लसणाचा चोथा करपला. मांस वरून काळं, आत कच्चं. आच कमी केली तर पाणी सुटून ते शिजायला लागलं. जे शिजलं ते खारट. रविवारची उरलेली दुपार पॅन खरवडण्यात गेली.

खारटपणाचा हिशेब रात्री मांडला. सोया सॉसमध्ये साधारण 16 टक्के मीठ असतं. 200 मिलि म्हणजे 32 ग्रॅम मीठ, एक किलो मांसाला. एरवी एवढ्या मांसाला आपण 10–12 ग्रॅम मीठ घालतो. म्हणजे जवळपास तिप्पट. कृती लिहिणारे ‘एक वाटी सोया सॉस’ लिहितात तेव्हा वाटी केवढी आणि सोबत पाणी किती, ते विचारल्याशिवाय हात लावू नये.

22 जून

सोया सॉसवर आठवडा घालवला, आणि तो वाया गेला नाही. दुकानात एकाच फळीवर तीन-चार जातींच्या बाटल्या असतात आणि बाहेरून सगळ्या काळ्या दिसतात.

गुक-गान्जांग हा सूपचा. रंग फिका, खारटपणा सगळ्यात जास्त. गाल्बीत घालू नये. घाईत हीच बाटली उचलली जाते, कारण ती लहान आणि स्वस्त असते.

जिन-गान्जांग या नावाने मिळणारा बहुतेक माल आज मिश्र असतो: आंबवलेला सॉस थोडा आणि सोयाबीनची प्रथिनं आम्लाने तोडून झटपट बनवलेला सॉस बराच. मागच्या लेबलवर ‘होन्हाप’ लिहिलेलं असतं आणि दोहोंची टक्केवारी दिलेली असते. तापवला तरी त्याची चव टिकते म्हणून शिजवायला हाच वापरा असं इथे बरेच जण सांगतात.

यांग्जो-गान्जांग म्हणजे पूर्ण आंबवलेला. सेम्प्यो कंपनीच्या बाटल्यांवर 501 आणि 701 असे आकडे असतात. ते सॉसमधल्या एकूण नायट्रोजनवरून आले आहेत, 1.5 आणि 1.7 टक्के. हा आकडा जितका मोठा तितकी चव भरीव, कारण तो नायट्रोजन प्रथिनं फुटून तयार झालेल्या अमिनो आम्लांचा असतो.

दोन्ही प्रकारांत थोडं थोडं मांस मुरवून शेजारी शेजारी भाजलं. मिश्र सॉसचं मांस रंगाला गडद, चव एकसुरी. 501 चा रंग फिका, पण दुसरा घास घ्यावासा वाटला. कांद्याच्या सॉसमध्ये, जिथे काहीच शिजत नाही, फरक आणखी ठळक. यापुढे सगळीकडे 501. 701 महाग आहे आणि नासपती-लसणाच्या सोबतीत त्याचं जास्तीचं तेज कळत नाही.

29 जून

या प्रकल्पातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आज कळली, आणि ती मांसाच्या दुकानात डोळ्यांसमोरच होती.

काउंटरवर मुरवलेल्या द्वेजी-गाल्बीचे ट्रे असतात. साजांगनिम (दुकानाचे मालक) चिमट्याने मांस उचलून पिशवीत घालत होते आणि वर पळीने पातळ तपकिरी पाणी ओतत होते. पाणीच. त्यात चोथा नाही, लसणाचे कण नाहीत. विचारलं तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. सगळं गाळायचं, आणि पाणी घालायला घाबरायचं नाही.

आपल्याकडे मसाला मांसाला चिकटायला हवा. जितकं दाट वाटण तितकं चांगलं, कारण पुढे ते रश्श्यात किंवा तंदूरच्या दह्यात सामावून जाणार असतं. इथे मांस निखाऱ्यावर उघडं पडतं. त्याच्या अंगावर जे जे चिकटलेलं असेल ते आधी जळतं. म्हणून चव मांसाच्या आत जायला हवी आणि पृष्ठभाग जवळजवळ स्वच्छ राहायला हवा. पातळ मॅरिनेडमध्ये मीठ-साखर मांस आणि पाणी दोन्हींत वाटली जाते, त्यामुळे एखादा तास इकडेतिकडे झाला तरी मांस खारट होत नाही.

नवं प्रमाण, 1 किलो मोक्सालला: सोया सॉस 120 मिलि, पाणी 350 मिलि, नासपतीचा गाळलेला रस 150 मिलि, कांद्याचा गाळलेला रस 80 मिलि, साखर 50 ग्रॅम, मुल्योत (धान्याच्या स्टार्चचा पारदर्शक पाक) 40 ग्रॅम, मात्सुल (गोडसर स्वयंपाकाची दारू) 50 मिलि, लसूण दोन मोठे चमचे, आलं एक लहान चमचा, मिरपूड. लसूण-आलं वाटून कांद्याच्या रसातच मिसळायचं आणि सगळं एकदम मलमलीतून पिळायचं. तिळाचं तेल मोठा चमचाभर, तेही सगळ्यात शेवटी. आधी घातलं तर मांसावर तेलाचा थर बसतो आणि बाकीचं आत जायला उशीर होतो.

मिठाचा हिशेब: 120 मिलिमध्ये 19 ग्रॅम, मांस आणि द्रव मिळून 1.8 किलोच्या घरात. म्हणजे एक टक्क्याच्या किंचित वर. चव बरोबर आली. भाजताना करपलं, पण पूर्वीच्या मानाने खूप कमी.

मांस सेंटिमीटरभर जाड कापून घेतलं आणि दोन्ही बाजूंनी तिरक्या चौकटीत हलक्या चिरा दिल्या. चिरा निम्म्यापर्यंतच, खोल गेल्या तर उलटताना तुकडे पडतात.

6 जुलै

नासपतीचा खर्च झेपेना. गेल्या वर्षी वसंतात थंडीने मोहर मारला, पीक घटलं, आणि यंदा शीतगृहातून येणारं एकेक फळ 5,000 वॉनच्या वर आहे. पर्याय तपासले.

किवी: अख्खं एक, 1 किलो मांसाला, रात्रभर. सकाळी मांसाचा पृष्ठभाग पिठासारखा झाला होता. पॅनवर तुकडा उचलला तर चिमट्यात लगदा. किवीतलं ॲक्टिनिडिन प्रथिनं तोडण्यात जबरदस्त आहे. सगळं मांस टाकावं लागलं, 25,000 वॉन. नंतर मोठा चमचाभर किवी आणि दोन तास, एवढ्यावर आणलं तेव्हा जमलं. पण घड्याळ सांभाळावं लागतं आणि मोक्साल मुळातच मऊ असतं, त्याला याची गरज नाही. ताज्या अननसाचंही तेच. डब्यातला अननस मात्र निरुपद्रवी, कारण डबाबंद करताना तो तापवतात आणि एन्झाइम मरतं. तो फक्त गोडी देतो.

सफरचंद: स्वस्त, पण चव थोडी जॅमकडे झुकते. निम्मं सफरचंद, निम्मा कांद्याचा जास्तीचा रस असं चालतं.

किसलेल्या नासपतीचं डबाबंद पेय: इथल्या अनेक घरांत गाल्बीसाठी हेच वापरतात. एन्झाइमचा प्रश्न नाही, रस आयता, डबा 1,500 वॉनच्या आत. त्यात साखर असते म्हणून वरची साखर 50 वरून 35 ग्रॅम केली. उन्हाळाभर हेच वापरणार. नासपतीने मांस मऊ होतं असं सगळे सांगतात, पण मोक्सालपुरतं बोलायचं तर तिचं खरं देणं सुगंध आणि गोडी हेच आहे, आणि ते डब्यातूनही बऱ्यापैकी मिळतं.

13 जुलै

भाजणं. फ्लॅटमध्ये कोळसा पेटवता येत नाही, आणि पेटवूच नये. बंद जागेत निखाऱ्यातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. बाल्कनीही इथे काचेने बंद असते. म्हणून ब्यूटेनच्या डब्यावर चालणारी टेबलावरची शेगडी आणि उताराचं ग्रिल पॅन, ज्याच्या भोकातून चरबी खाली वाहून जाते. पॅन शेगडीपेक्षा मोठं घेऊ नका. ते ब्यूटेनच्या डब्यावर आलं तर उष्णता परतून डबा तापतो आणि फुटतो. असे अपघात इथे होतात, शेगडीवरही तसा इशारा छापलेला असतो.

पॅनवर गाल्बी दोन प्रकारे करून पाहिली.

एक, हॉटेलात करतात तसं: मांस निथळून, कोरडं करून, कडक आचेवर. पहिला घाणा सुंदर. दुसऱ्यापासून पॅनला साखर चिकटली आणि तिचा कडू धूर पुढच्या मांसाला लागला. हॉटेलात दर थोड्या वेळाने जाळी बदलून देतात त्याचं कारण हेच. घरी दुसरी जाळी कुठली? घाण्यांच्या मध्ये दोन चमचे पाणी टाकून, खरवडून, ओल्या कागदाने पुसलं, पण जेवण थांबत राहतं.

दोन, उलट क्रमाने: साध्या जाड पॅनमध्ये मांस आणि एक पळी मॅरिनेड, मध्यम आच. आधी द्रवात शिजू द्यायचं. द्रव आटत आला की आच वाढवायची आणि तुकडे सतत उलटत राहायचं. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत साखर आणि सोया मिळून मांसावर चकचकीत लेप चढवतात. तो चढला की लगेच उतरवायचं. आत कच्चं राहत नाही, पॅन खराब होत नाही. धुराचा वास नसतो, एवढीच उणीव. ती भरून काढायला शेवटी पातीच्या कांद्याचे लांब तुकडे त्याच पॅनमध्ये खरपूस करून वर घातले, आणि बरीच भरली.

घरच्या गॅससाठी दुसरी पद्धत कायम केली. फासळ्या असतील तरच जाळी.

20 जुलै

मेसिलची बरणी उघडली. साखर तळाशी घट्ट बसली होती आणि वरची फळं पाकाच्या बाहेर येऊन त्यांच्यावर पांढरा पापुद्रा धरू लागला होता. तो काढला, कोरड्या लाकडी डावाने तळापासून ढवळलं, फळं खाली दाबली. पहिल्या महिन्यात दर तीन-चार दिवसांनी ढवळायला हवं होतं. आता तसं करतेय. वास चांगला आहे.

तिखट मॅरिनेडही करून पाहिलं. गोचुजांग (मिरचीची आंबवलेली पेस्ट) तीन मोठे चमचे, सोया सॉस, साखर, लसूण. गोचुजांगमध्ये चिकट तांदळाचं पीठ असतं, तेच पॅनला धरतं आणि करपतं. गोचुजांग एका चमच्यावर आणला, तिखटासाठी गोचुगारू (बिया काढलेली भरड मिरची पूड) दोन चमचे घातली. चव मोकळी झाली, रंग लाल राहिला. यासाठी मोक्साल नको. आप्दारी म्हणजे पुढच्या पायाचं मांस पातळ कापून घ्यावं, जवळजवळ निम्म्या भावात येतं.

3 ऑगस्ट

उद्या आषाढ अमावास्या, परवापासून श्रावण. ओळखीची मराठी मंडळी जेवायला होती. मोक्साल आणि चिकन दोन्ही केलं. मॅरिनेड तिप्पट करताना पाणीही तिप्पट केलं ते चुकलं. एकाच पातेल्यात मांस दाबून बसतं, सगळं बुडायला तेवढं पाणी लागत नाही. चव पातळ लागली. जास्त मांसाला पाणी 350 ऐवजी किलोमागे 250 मिलि धरावं आणि सोया 110.

कच्च्या मांसाला लागलेलं मॅरिनेड कुणीतरी वाटीत घेऊन बुडवून खायला निघालं होतं, ते अडवलं. वर घालायला हवं असेल तर मांस टाकण्याआधीच वाटीभर बाजूला काढा. नंतर काढलं असेल तर उकळून घ्या.

10 ऑगस्ट

श्रावण आणि गणपती होईपर्यंत घरात मांस नाही. सॉससाठी चांगला काळ. भाजायला सेसोंगी (जाड देठाचे मोठे मश्रूम), टोफू, भोपळा.

साम्जांग. सोपं वाटतं, पण तयार डब्यापेक्षा चांगलं व्हायला बराच वेळ गेला. द्वेन्जांग (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) आणि गोचुजांग निम्मं-निम्मं घेतलं तर नुसतं गोड-तिखट होतं. तीन भाग द्वेन्जांग आणि एक भाग गोचुजांग बरोबर. त्यात बारीक चिरलेला कांदा, लसूण, पातीचा कांदा, भाजलेले तीळ, तिळाचं तेल, थोडा मुल्योत. लसूण कच्चा असतो म्हणून केल्या केल्या उग्र लागतो; रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की उतरतो.

मोत्गोल बाजारातल्या आजीबाईंकडून घरगुती द्वेन्जांग आणलं होतं. सुगंध अप्रतिम, पण कारखान्याच्या मालापेक्षा कितीतरी खारट. त्याच प्रमाणात साम्जांग तोंडात घालवेना. इथे असं द्वेन्जांग मऊ करायला कुस्करलेला टोफू किंवा कुटलेले अक्रोड-शेंगदाणे घालतात. आपल्याकडे दाण्याचं कूट असतंच. भाजलेल्या दाण्यांचं जाडसर कूट, एक भाग द्वेन्जांगला अर्धा भाग. हे इतकं चांगलं झालं की आता दुसऱ्या कुठल्या पद्धतीने करत नाही. दाण्यांमुळे ते फार टिकत नाही, आठवडाभरात संपवावं.

शाकाहारी लोकांसाठी सूचना: सूपसाठी म्हणून विकतात त्या द्वेन्जांगमध्ये बरेचदा सुकी मासळी किंवा शिंपल्यांचा अर्क असतो. लेबल वाचून साधं द्वेन्जांगच घ्यावं.

पानं दोन प्रकारची. सांगचू म्हणजे लेट्यूस आणि केन्निप म्हणजे पेरिला या तुळशीच्या कुळातल्या रोपाची उग्र वासाची पानं. केन्निपमध्ये टोफू आणि हे दाण्याचं साम्जांग, बस. श्रावणात उपासमार वाटली नाही.

24 ऑगस्ट

कांद्याचा सॉस. सोया सॉस, व्हिनेगर, साखर एकेक भाग, पाणी दोन भाग, थोडी मोहरीची पेस्ट. कांदा कागदासारखा पातळ कापून दहा मिनिटं थंड पाण्यात, मग निथळून यात.

पहिला इतका आंबट झाला की घसा धरला. बाटली पाहिली तर ती दुप्पट तीव्रतेच्या व्हिनेगरची, 13 टक्क्यांच्या आसपास आम्ल. साधं कोरियन व्हिनेगर 6–7 टक्क्यांचं असतं. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात आणि शेजारी ठेवलेल्या असतात. भारतातलं व्हिनेगर साधारण 4 टक्क्यांचं, तेव्हा तिकडे करताना व्हिनेगर दीडपट घ्या आणि पाणी तेवढं कमी करा.

पाजोरी: देपा म्हणजे जाड पातीचा कांदा, त्याचे उभे दोऱ्यासारखे काप. यासाठी अनेक पात्यांची छोटी सुरी 2,000–3,000 वॉनला मिळते, ती घ्याच. काप थंड पाण्यात घोळले की चिकटपणा आणि उग्रपणा जातो. गोचुगारू, व्हिनेगर, साखर, तिळाचं तेल ताटात वाढताना घालायचं. दहा मिनिटं आधी घातलं तरी पाणी सुटून मलूल होतं.

16 सप्टेंबर

मेसिल गाळलं, शंभर दिवस झाले. उद्या छुसोक (कोरियन सुगीचा सण) आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी. अजूनही भर उन्हाळ्यासारखा उकाडा आहे, म्हणून गाळल्यावर सगळ्या बाटल्या थेट फ्रिजमध्ये. साडेपाच लिटरच्या जवळपास पाक निघाला. फळं ठेवली नाहीत. बियांमध्ये विषारी द्रव्य असतं, ती जास्त काळ पाकात ठेवू नयेत म्हणून इथे फळं काढून टाकायची पद्धत आहे.

नवी नासपती बाजारात आली आहे. सणापर्यंत भाव चढेच राहतील.

21 सप्टेंबर

मेसिल-चोंग घालून पहिलं मोक्साल. साखर 50 ग्रॅमची 25 केली, मेसिल-चोंग दोन मोठे चमचे. मात्सुल तसंच. चरबीचा जडपणा कापला गेला, चव उजळली. चार चमचे घातलेला भाग मात्र लोणच्यासारखा आंबट लागला आणि मांसाचा पृष्ठभाग घट्ट झाला. दोन चमचे ही वरची मर्यादा.

रात्रभरापेक्षा चोवीस तास मुरवलेलं जास्त चांगलं. दोन दिवसांचं तसंच लागतं, फक्त थोडं खारट. तीन दिवसांनी मांस हॅमकडे झुकतं.

19 ऑक्टोबर

चिकन. सोयाच्या मॅरिनेडमध्ये चिकन काही केल्या उठत नव्हतं. सोया पुढे, चिकन मागे. उपाय याच शहरात होता. सुवॉनची वांग-गाल्बी गोमांसाच्या मोठ्या फासळ्यांची, पण तिचं वैशिष्ट्य असं की ती सोया सॉसऐवजी मिठात मुरवतात, त्यामुळे मांसाचा रंग फिका राहतो आणि मांसाचीच चव लागते. तीच रीत चिकनच्या मांडीला लावली.

हाडं काढलेली मांडी 1 किलो, कातडीसकट. पाणी 200 मिलि, नासपतीचा रस 150 मिलि (आता ताजी), कांद्याचा रस 50 मिलि, मीठ 15 ग्रॅम, साखर 25 ग्रॅम, लसूण-आलं गाळून, मिरपूड, तिळाचं तेल. सहा तास पुरतात. कातडी खाली ठेवून मध्यम आचेवर, न हलवता, ती कुरकुरीत होईपर्यंत. मग उलटून मिनिटभर कडक आच. या सगळ्या प्रकल्पात सगळ्यात कमी करपणारं आणि मुलांना सगळ्यात आवडलेलं हेच. सोबत कांद्याचा सॉस हवा, साम्जांग नको. ते चिकनला झाकून टाकतं.

9 नोव्हेंबर

फ्रीझर आणि हिशेब.

मांस मॅरिनेडसकट चपट्या पिशव्यांत, पिशवीतली हवा काढून गोठवलं. आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवायचं, ते वितळताना मुरतं. म्हणून आधी मुरवून मग गोठवू नका, मॅरिनेड घालून लगेच गोठवा. नासपतीच्या मोसमात नुसतं गाळलेलं मॅरिनेडही बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलंय, तिळाचं तेल न घालता.

1 किलो मोक्सालचं जेवण, पानं, साम्जांग, कांदा सगळं धरून 36,000 ते 38,000 वॉन, चार जणांना. यात मांसच 25,000 चं. आप्दारी घेतलं तर दहा हजारांनी कमी. वाया गेलेलं मांस, बाटल्या, पॅन आणि सुरी मिळून शिकण्याचा खर्च लाखभर वॉनच्या थोडा वर गेला.

पुण्यात करणाऱ्यांसाठी. रांजणगाव-तळेगावकडे कोरियन कंपन्या आल्यापासून शहरात कोरियन वस्तू मिळू लागल्या आहेत. खर्च करायचा तर सोया सॉस आणि द्वेन्जांगवर करा. बाकी सगळ्याला पर्याय आहे. मुल्योतऐवजी ग्लुकोज सिरप किंवा थोडा मध. मध लवकर करपतो, तो निम्माच घ्या. मात्सुल नसेल तर चालतं. गोचुगारूऐवजी बिया काढून भरड कुटलेली ब्याडगी, रंगाला जवळ, पण थोडी साखर वाढवावी लागते. मेसिलची जागा कशानेच भरत नाही, तेव्हा ते सोडून द्या आणि साखर पूर्ण 50 ग्रॅम ठेवा. नासपती कुठलीही चालेल, रस कमी निघाला तर पाण्याने भरा. कच्ची पपई घालायचा मोह होईल. पपई किवीसारखीच आहे, मोक्सालसारख्या मऊ भागाला घालूच नका. कडक मांस असेल तर किलोला अर्धा लहान चमचा, तासभर, आणि तसं मांस गोठवायचं नाही, कारण वितळताना पपईचं काम पुन्हा सुरू होतं.